जॅझ गिटार आणि ख्यालावर पोसलेला कान

पत्र : मी राजारामपुरीत राहतो. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. वडिलांचे बोट धरून देवल क्लबात जाऊ लागलो तेव्हापासून, म्हणजे पन्नासएक वर्षे, ख्याल ऐकतो आहे. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते आणि शनिवारी घरी येते. गेले वर्षभर ती गिटार शिकते आहे आणि वेस माँटगोमेरी, जिम हॉल अशा जॅझ वादकांनी तिला वेड लावले आहे. तिने माझ्या मोबाइलमध्ये काही ध्वनिमुद्रणे घालून दिली आहेत. मी ती सकाळी रंकाळ्यावर फिरताना ऐकतो. खरे सांगायचे तर मला सगळे एकसारखेच वाटते. सुरुवातीला एक चाल, मग दिशा नसलेली धावपळ आणि शेवटी पुन्हा तीच चाल. सूर लागतो न लागतो तोच विझतो, मींड नाही, राग कोणता म्हणावा तेही कळत नाही. माझे मित्र याला बोटांची कसरत म्हणतात. मुलीने विचारले की मी ‘छान आहे’ म्हणतो आणि ते खोटे आहे हे तिला समजते. या वादकांचे थोरपण नेमके कशात आहे? आणि या वयात ते माझ्या कानाला कळेल का?
— एक श्रोता, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले : सुरुवातीला एक चाल, मग दिशा नसलेली धावपळ आणि शेवटी पुन्हा तीच चाल. यातले पहिले आणि तिसरे निरीक्षण अगदी बिनचूक आहे, आणि मधल्या धावपळीचा उलगडाही त्या दोहोंतच आहे. ती सुरुवातीची चाल मध्यंतरी कुठेही गेलेली नसते. ती वाजायची थांबते, पण तिची लांबी आणि तिच्याखालच्या कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, क्रम तसाच फिरत राहतो, आणि वादक जे काही सुचेल ते त्या फिरत्या चौकटीत बसवत असतो. या परंपरेतल्या पुष्कळशा चाली बत्तीस मापांच्या असतात, म्हणजे चार मात्रांची बत्तीस आवर्तने, आणि त्यांची रचना बहुधा स्थायी, पुन्हा स्थायी, अंतरा आणि परत स्थायी अशी आठ-आठ मापांची असते. ही एक फेरी पूर्ण झाली की दुसरी सुरू होते, आणि एकल वादन म्हणजे अशा काही फेऱ्या. ज्याला तीनतालाची सम सापडत नाही, त्याला आपल्याकडची उत्तम तानसुद्धा दिशा नसलेली धावपळच वाटते, हे तुम्ही घरी आलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर नक्कीच पाहिले असेल. तुमची अडचण तीच आहे, आणि ती पन्नास वर्षे लय ऐकलेल्या माणसाची असल्यामुळे लवकर सुटणारी आहे.

आधी एक साधी गोष्ट बदला. हे संगीत रंकाळ्यावर फिरताना मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. या वाद्यमेळात ठेक्याचे काम मुख्यतः डबल बास हे मोठे, खर्जातले तंतुवाद्य करते. फेरी कुठे आली आणि कॉर्ड कोणती चालू आहे, हे तेच सांगत असते, आणि छोट्या स्पीकरमधून नेमके तेच ऐकू येत नाही. तुम्ही गेले काही महिने तबला आणि तानपुरा काढून टाकलेला ख्याल ऐकत आहात, असे म्हटले तरी चालेल. घरी बसून, बऱ्यापैकी हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना गिटारकडे लक्षच देऊ नका. फक्त बासच्या मागे जा.

आता एकच ध्वनिमुद्रण घ्या आणि महिनाभर त्याच्याशीच राहा. मी वेस माँटगोमेरीचे ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ सुचवतो. ते १९६० च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पर्सी हीथ आणि ड्रमवर त्याचा भाऊ अल्बर्ट हीथ आहेत. हेच निवडण्याचे कारण असे की, याची लय तीन-तीन मात्रांची झुलती आहे, म्हणजे तुम्हाला सरळ दादरा मोजता येईल. सहा मात्रांची बारा आवर्तने झाली की एक फेरी पुरी होते. ती मोजण्याची सोयही तुमच्या हातात आहे : चार बोटांची बारा पेरे. दादऱ्याचे एक आवर्तन झाले की अंगठा पुढच्या पेरावर न्या. करंगळीच्या तळाशी सुरुवात केली असेल, तर तर्जनीच्या टोकाला पोहोचून अंगठा परत करंगळीवर येईल तेव्हा नवी फेरी सुरू झालेली असेल. पहिल्या दोन-तीन दिवशी तुम्ही मध्येच चुकाल, कारण वादक फेरीच्या तोंडावर थांबून ‘आलो’ असे सांगत नाही; उलट त्याचे वाक्य बरेचदा जुन्या फेरीत सुरू होऊन नव्या फेरीत संपते. पण एकदा मोजणी हातात बसली की तुम्हाला जे ऐकू येईल ते पूर्वी कधी ऐकू आलेले नसेल. हा माणूस कुठे आहे हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक आहे, आणि त्या भरवशावर तो बिनघोर लांब लांब जातो आहे, हे कळेल.

याच ध्वनिमुद्रणात माँटगोमेरीची बढतही ऐका. तो आधी एकेरी सुरांत बोलतो. काही फेऱ्यांनंतर एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजू लागतो आणि आवाज अचानक भरदार होतो. त्यानंतर तो पूर्ण कॉर्डमध्ये बोलू लागतो, म्हणजे प्रत्येक स्वराबरोबर त्याचे सगळे कुटुंब चालू लागते. दोन सप्तकांची ती जोडी वाजवणे किती अवघड आहे ते मुलीला गिटारवर दाखवायला सांगा : डाव्या हाताची दोन बोटे दोन तारांवर ठराविक अंतर राखून धावतात, मधली तार बोटाच्या नुसत्या स्पर्शाने मुकी ठेवावी लागते, आणि उजव्या हाताचा आघात तिन्ही तारांवरून गेला तरी दोनच ऐकू यायला हव्यात. माँटगोमेरी हे अशा गतीने वाजवतो की आपल्याला त्यात चाल ऐकू येते, युक्ती दिसत नाही. आपल्या आलाप, बोलआलाप, तान या क्रमाशी हे तंतोतंत जुळणार नाही, पण हळूहळू वजन वाढवत नेण्याची जाण तीच आहे आणि ती ओळखायला तुम्हाला कोणाची मदत लागू नये.

या वादकाविषयी थोडे सांगायला हवे. तो इंडियानापोलिसचा. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते. चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याने त्यातले एकल वादन सूर न् सूर उचलले आणि त्याच्या बळावर पहिली कामे मिळवली. दिवसा कारखान्यात काम करायचे आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचे, असे त्याने कैक वर्षे केले; घरी सात मुले होती. तार छेडायला गिटारवादक सहसा प्लेक्ट्रम ही छोटी चपटी पट्टी वापरतात. रात्री त्याचा आवाज शेजाऱ्यांना होतो म्हणून त्याने ते ठेवून दिले आणि अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवू लागला. त्याच्या आवाजातली ती मऊ, गोल ऊब त्या अंगठ्याची आहे. ध्वनिमुद्रिकेला गुरू मानणाऱ्या या एकलव्याचा अंगठा कोणी मागितला नाही, हे आपले भाग्य. १९६८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, कारण ती खरी आहे. सूर लवकर विझतो आणि मींड नाही. काही वर्षांपूर्वी मी मिरजेला सतार आणि तानपुरे तयार करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात बराच वेळ बसलो होतो. तो तानपुऱ्याची जवारी काढत होता. घोडीचा माथा कानशीने अगदी नकळत घासायचा, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा आणि त्या एका जागी तार एकदम बोलू लागायची, खोलीभर झंकार पसरायचा. आपले कान त्या झंकारावर वाढलेले आहेत. जॅझ गिटारचा आवाज नेमका त्याच्या उलट टोकाला आहे. पोकळ पोटाची गिटार, जाड तारा, बऱ्याचदा गुळगुळीत वेटोळ्यांच्या, आणि आवाजातला तीक्ष्णपणा मुद्दाम कमी केलेला. जाड तार पडद्यावर फारशी ओढता येत नाही, म्हणून लांब मींड नाही. झंकार नाही, म्हणून आसही तोकडी. जवारीची सवय असलेल्या कानाला हा आवाज बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे.

मग स्वराला जिवंतपणा येतो कुठून? याचे उत्तर वाचण्यापेक्षा करून पाहणे बरे. घरात पेटी असेलच. मधल्या सप्तकातला शुद्ध गंधार दाबून धरा आणि त्याच्या जोडीला सा आणि प वाजवा. गंधार घरात आल्यासारखा स्वस्थ वाटेल. आता गंधार न सोडता सा आणि प काढा आणि खाली मंद्र धैवत आणि सा वाजवा. तोच गंधार उदास होईल. आता त्याच्याखाली मंद्र मध्यम, मंद्र धैवत आणि सा घ्या. गंधार अधांतरी लोंबकळल्यासारखा होईल, त्याला कुठेतरी जावेसे वाटेल. तुम्ही गंधाराची पट्टी एकदाही हलवलेली नाही. आपल्या संगीतात षड्ज ढळत नाही, म्हणून स्वराच्या छटा त्याच्या स्वतःच्या हालचालीतून येतात : मींड, आंदोलन, कण. जॅझमध्ये खालची जमीन दर मापागणिक, कधी दर दोन मात्रांनी बदलते, म्हणून तिथे स्वर साधा, सरळ, तोकडा असला तरी तो कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या क्षणी ठेवला, यात त्याचा अर्थ असतो. त्यामुळे ‘राग कोणता’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा आणि ‘हा स्वर टेकला की लोंबकळला’ एवढेच स्वतःला विचारा. थोर वादक लोंबकळणारा स्वर घेऊन, तो तसाच पुढच्या कॉर्डपर्यंत नेऊन, जमीन स्वतःहून त्याच्या पायाखाली येईपर्यंत वाट पाहतो. ती वाट पाहणे ऐकू आले की या कलेचे निम्मे दार उघडले.

ज्या चार्ली ख्रिश्चनचा वर उल्लेख आला, त्याच्यामुळे गिटार या बोलण्यात सामील झाली. त्याच्या आधी मोठ्या वाद्यवृंदात गिटार सहसा तालापुरती असे, कारण तुताऱ्या आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात तिचा एकेरी सूर ऐकूच येत नसे. विजेची गिटार बाजारात येऊन थोडीच वर्षे झाली होती तेव्हा, १९३९ साली, हा तेवीस वर्षांचा मुलगा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या मेळात आला आणि सॅक्सोफोनने वाजवावीत तशी लांब, वळणदार वाक्ये गिटारवर वाजवू लागला. १९४२ च्या मार्चमध्ये तो क्षयाने वारला. तीन वर्षेही पुरती मिळाली नाहीत, आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रत्येक जॅझ गिटारवादकाच्या बोलीत त्याचे शब्द आहेत.

जँगो राइनहार्टविषयी मुलीने तुम्हाला सांगितले असेल. बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला हा रोमानी समाजातला वादक. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे, अनामिका आणि करंगळी, कायमची आखडली. पुढचे सगळे एकल वादन त्याने मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी केले. ही हकीकत ऐकून लोक त्याला कौतुकाने आणि थोड्या दयेने ऐकतात, आणि मला ते पटत नाही. कोल्हापूरकरांना तर हे वेगळे समजावून सांगायला नको. शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज उमेदीच्या वयात अतिगायनाने बिघडला, पूर्वीची गोडी परत आली नाही, आणि त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी लयीला बिलगून चालणारी पेचदार गायकी त्यांनी घडवली, असे आपण ऐकत आलो आहोत. ती गायकी ऐकताना आपल्याला खाँसाहेबांच्या घशाची कीव येते का? आपण त्या तानेचा पेच पाहतो. जँगोचे १९३७ चे ‘मायनर स्विंग’ तसेच ऐका. व्हायोलिन, तीन गिटारी आणि बास, एवढाच मेळ; ड्रम नाही. दोन बोटांमुळे त्याला तारेवर आडवे, लांब पल्ल्याने धावावे लागते, आणि त्यामुळे त्याच्या वाक्यांना जी झेप येते ती चार बोटे शाबूत असलेल्यांना सहजी साधत नाही.

तुमच्या मित्रांच्या ‘कसरत’ या शब्दाला माझे उत्तर फ्रेडी ग्रीन हे आहे. हा माणूस १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत होता. त्याने एकल वादन जवळजवळ केलेच नाही. विजेची जोड न घेतलेल्या गिटारवर मापाला चार आघात, सारखे, न घाई न रेंगाळणे, अशी पन्नास वर्षे. ध्वनिमुद्रणात तो बरेचदा वेगळा ऐकूही येत नाही. सगळा मेळ झुलतो आहे एवढेच जाणवते. महत्त्वाची मैफल असली की गवई आपला ठेकेदार तबलजी आणि आपली तानपुऱ्याची जोडी का शोधतो, हे ज्याला माहीत आहे त्याला फ्रेडी ग्रीनचे मोठेपण वेगळे सांगावे लागणार नाही. मित्रांना त्याचे एखादे ध्वनिमुद्रण ऐकवा आणि यात कसरत कुठे आहे ते दाखवायला सांगा.

जिम हॉल हा तुमच्या मुलीचा आवडता आहे, याचा मला आनंद झाला, कारण त्याच्याकडे न वाजवण्याची विलक्षण समज आहे. पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर त्याने १९६२ साली ‘अंडरकरंट’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात बासही नाही आणि ड्रमही नाही, दोघेच. त्यातले ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ ऐका. एव्हान्सचे एकल वादन चालू असताना हॉल फ्रेडी ग्रीनसारखे चार आघात धरतो आणि आपण तिथे आहोत हेही जाणवू देत नाही. मग स्वतःची पाळी आली की दोन-चार स्वर ठेवून गप्प बसतो आणि ती मोकळी जागा दुसऱ्याला देतो. आपल्या जुगलबंद्यांत हल्ली एकमेकांवर मात करण्याचा जो सोस दिसतो, त्याने मन विटलेल्या श्रोत्याला इथे फार बरे वाटेल. मात्र ठेका धरून देणारे कोणी नसल्याने हे दुसऱ्या महिन्यात ऐका.

जो पासची १९७३ ची ‘व्हर्चुओसो’ कोणीतरी तुम्हाला लगेच ऐकवील. एकच गिटार, खर्ज, कॉर्ड आणि चाल तिन्ही एका माणसाच्या दहा बोटांत. ती अजोड आहे, पण तिच्यात लय अनेकदा मोकळी सुटते आणि मूळ चाल पाठ असल्याशिवाय फेरी हाती लागत नाही, म्हणून ती शेवटी. जॉन मॅक्लॉक्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या मेळापासून सुरुवात करा असाही सल्ला मिळेल. ते वादन मला प्रिय आहे, तरी सध्या ते नको. तुमचा कान त्यातले आपले तेवढे उचलील आणि जे नवे शिकायचे ते राहून जाईल.

राहिली मुलगी. ‘छान आहे’ हे उत्तर आजपासून बंद करा, कारण ती तुमच्याच घरात वाढली आहे आणि तुम्हाला एखादी जागा खरोखर आवडते तेव्हा तुमची मान कशी हलते हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. त्याऐवजी तिला प्रश्न विचारा, आणि तेही नेमके : ही कितवी फेरी, अंतरा आला का, इथे स्वर लोंबकळला तो कुठे टेकला. वर्षभर शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून एकल वादन करताना एखादे माप सर्रास गळते आणि त्याला पत्ताही लागत नाही. तुम्हाला लागेल. ती वाजवत असताना तुम्ही समोर बसून हाताने आवर्तने मोजा आणि ती कुठे घसरली ते सांगा. तिच्या शिक्षकांना दर आठवड्याला जेवढा वेळ देता येत नसेल तेवढा तुम्ही शनिवार-रविवारी देऊ शकता. तिला कॉर्डची नावे ठाऊक आहेत, तुम्हाला लय ठाऊक आहे, आणि पेटीवरचा तो गंधाराचा प्रयोग दोघांनी मिळून करण्यासारखा आहे.

येत्या शनिवारी जेवणे झाल्यावर ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ लावा, अंगठा करंगळीच्या तळपेरावर ठेवा आणि मोजायला सुरुवात करा. दोन सप्तकांची जोडी कितव्या फेरीत सुरू होते ते तुम्ही दोघे वेगवेगळ्या कागदांवर लिहून ठेवा, मग ताडून पाहा, आणि आकडा जुळला की मला कळवा.